तुमच्या उंचीचं छत

नाना, तुमच्या बोळाला दिवा मिळेना. गेले कित्येक दिवस मी नगरमधली दिव्यांची दुकानं पालथी घालते आहे आणि प्रत्येक दुकानात तुमच्याबद्दल चार शब्द बोलायची इच्छा होते. पण परक्यासमोर बापाला बोलू नये हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून इथं कागदावर बोलते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागावणं आता घरात कुणाला बरं दिसत नाही. फोटोला हार घातला की माणूस सगळ्यातून सुटतो, अशी आपल्याकडे सोय आहे. मला ती मान्य नाही.

बोळ म्हणजे तिसगावच्या घरातला, बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंत जाणारा. तुम्हीच बांधलेला, तेव्हा तुम्हाला काय सांगायचं म्हणा. तरी सांगते, कारण तुम्ही तो माझ्या उंचीवरून कधी पाहिलेला नाही. रुंदी इतकी की समोरून कुणी आलं तर एकानं मागं सरायचं. आणि मागं कोण सरायचं हे ठरलेलंच होतं, म्हणजे जिच्या हातात ताट असेल ती. खिडकी नाही, झरोका नाही. वर अर्ध्या उंचीवर तुम्ही स्लॅब टाकलात, कारण त्याच्यावर तुमचा माळा. कनाती, झालरी, गाद्या, लायटिंगच्या माळा, सगळी गाठोडी तिथं. गवंडी म्हणाला होता म्हणे, "मालक, हातभर वर घेऊ." तुम्ही तिथंच उभं राहून हात वर केलात आणि म्हणालात, "स्टूल न घेता गाठोडं वर गेलं पाहिजे. माझा हात पोचतो तिथं छत." गावात माणसं देवळाच्या शिखराची उंची विचारून घरं बांधतात, तुम्ही स्वतःच्या हाताची विचारलीत. त्यात स्वयंपाकघराच्या तोंडाशी बीम आणखी खाली आला. तुमच्या टोपीला तो कधी शिवला नाही. आई तुमच्यापेक्षा उंच होती, ही गोष्ट लग्नात दोन्हीकडच्यांनी पाहिली होती, फक्त घर बांधताना कुणाला आठवली नाही.

आणि धंदा काय, तर उजेडाचा! पाथर्डीपासून शेवगावपर्यंत लग्न म्हटलं की मंडप तुमचा, कमान तुमची, लायटिंग तुमचं. ऊसतोडीवरून माणसं परत आली की उन्हाळ्यात लग्नांचा धडाका उडायचा आणि तुम्ही आठवडेच्या आठवडे घरी दिसायचा नाहीत. लोकांच्या दारात दिव्यांचे मोर नाचायचे, लाल-हिरवे, पिसारा मिटायचे आणि उघडायचे. नवरदेव घोड्यावरून खाली उतरायचा ते तुमच्या उजेडात. आणि आपल्या घरात तुमची बायको आमटीचं पातेलं घेऊन काळोखातून यायची, भिंतीला तळहात लावून. तिच्या हाताचा तो पट्टा अजून भिंतीवर आहे. परवा रंगारी म्हणाला, "ताई, हा डाग जुना हाय, दोन हात मारले तरी वर येतो." म्हटलं, येऊ दे.

एकदा दिवा होता, ते मला आठवतं. तुम्ही मंडपातला एक होल्डर आणून वायरला लोंबता लावलात. आईनं दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी कपाळानं बल्ब फोडला. मी काचा वेचते आहे आणि तुम्ही दारात उभे राहून म्हणताय, "सगळ्या तालुक्यात माझा बल्ब कुणी फोडला न्हाई, घरातच मिळाली एक." हसलात. होल्डर काढून नेलात. पुन्हा आणला नाही. "घर आपलंच हाय, उजेड कशाला लागतो?" हे तुमचं वाक्य. उजेड परक्यांना लागतो, हा तुमच्या धंद्याचा नियमच होता बहुतेक.

मग आई मान खाली घालून चालायला लागली. बोळात, आणि सवयीनं बोळाबाहेरही. आणि लोक काय म्हणायचे माहीत आहे? "काय बाई वळण! कधी मान वर केली न्हाई." तुमच्या बहिणी आपल्या सुनांना आईकडे बोट दाखवून शिकवायच्या. तुमच्या दहाव्याला एका पाहुण्यानं उभं राहून सांगितलं की वहिनींनी जन्मभर मर्यादा सोडली नाही. मी तिथंच ओरडणार होते की अहो, मर्यादा नाही, स्लॅब आहे तो! पण दहाव्याला ओरडत नाहीत, हेही तुम्हीच शिकवलेलं.

मी आईवर गेले. नववीत असताना एका उन्हाळ्यात एकदम वाढले आणि एका दुपारी तांब्या घेऊन पळत येताना बीमवर कपाळ आपटलं. डोळ्यांपुढं तुमचे सगळे मोर नाचले. टेंगूळ आलं, तांब्या कुठल्या कुठं. तुम्ही जेवायला बसला होतात. उठलात, माझी हनुवटी धरून कपाळ पाहिलंत आणि म्हणालात, "पुरे आता वाढनं. पोरीच्या जातीनं मान खाली घालून चालायला शिकावं." आणि परत जाऊन बसलात, भात गार होत होता म्हणून. मी शिकले. त्या दिवसापासून त्या घरात मी बीमखालून जाताना वर पाहिलेलं नाही. बाहेर मात्र मान इतकी ताठ ठेवली की लोकांना ती खुपायला लागली. त्याच ताठ मानेवर मी आज स्वतःचं पोट भरते, तो भाग वेगळा.

आता हे सगळं आजच का, तर आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून बोळातून जाताना ती पडली आणि मनगट मुरगळलं. दादा पुण्याहून आला. त्यानं मनगट पाहिलं, बोळ पाहिला, आणि जाहीर केलं, "बास. घराला कुलूप, आई पुण्याला." दादा तुमच्यावर गेलाय नाना, उंचीनंही आणि जाहीर करण्यातही. आई कोपऱ्यातून म्हणाली, "मी काय गाठोडं हाय का, ह्या माळ्यावरनं त्या माळ्यावर ठेवाया?" दादा म्हणाला, "आई, अंधारात पडशील परत." मी मध्ये पडले. म्हटलं अंधाराचाच प्रश्न आहे ना, मग मी उजेड करून देते. दादा म्हणाला, दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या आत कर, नाहीतर मी गाडी घेऊन येतो. आईनं माझ्याकडं पाहिलं. तिनं आयुष्यात माझ्याकडं काही मागितलेलं नाही, आणि तेव्हाही मागितलं नाही, नुसतं पाहिलं. त्या बघण्यापायी मी दुकानं फिरते आहे.

दुकानातला मुलगा विचारतो, "मॅडम, सीलिंगची हाइट?" मी सरळ उभी राहते आणि डोक्यावर तळहात ठेवते. "एवढी." तो हसतो, त्याला विनोद वाटतो. मग झुंबर दाखवतो. मी म्हणते, "अरे बाबा, हे लावलं तर आम्ही रांगत जायचं का?" मग भिंतीवरचे दिवे, पितळी, कमळाच्या आकाराचे, खांद्याला बरोबर लागतील असे. म्हटलं, "भिंतीवर कमळ, तर माणूस कुठून जाणार?" तो विचार करतो. त्याला विचार करायचे पैसे मिळत नसावेत, कारण तो लगेच म्हणतो, "फॉल्स सीलिंग करून टाका ना. त्यात छान स्पॉट बसतील." म्हणजे छत आणखी खाली. नाना, तो मुलगा तुमच्या हाताखाली शोभला असता.

इथवर लिहून कागद घडी करून ठेवला होता, पुढचं आता लिहिते. शेवटी एकानं मला एक शहाणा दिवा विकला. माणूस आला की आपोआप लागतो, गेला की विझतो. छताला चिकटून बसतो, बटण शोधायला नको. मी विजयी मुद्रेनं तिसगावला गेले आणि बसवून घेतला. दोन दिवसांनी आईचा फोन. "तुझा दिवा घेऊन जा."

"का गं? लागत नाही का?"

"लागतो की. मी गेले की लागतो. मी बसले की इझतो. मी बसूच न्हाई का?"

मी विसरलेच होते. उन्हाळ्यात सगळ्या घरात तो बोळ तेवढा गार. दुपारचं तिथं पोतं टाकून आई बाजरी निवडायची, शेजारणी यायच्या, पाय पसरता यायचे नाहीत म्हणून एकीमागं एक ओळीनं बसायच्या, एस.टी.त बसल्यासारख्या. ती अजून तिथंच बसते. आता बसली की हा शहाणा तिला मेलेली समजून विझायचा. "मग तिथं बसून हात हालवीत ऱ्हायचं," आई सांगत होती. "शेजारीन म्हनली, कुनाला बोलावताय? म्हनलं, उजेडाला." तुम्ही दिवा दिला नाहीत आणि मी दिला तो असा, तिनं सतत कामात असल्याचा पुरावा मागणारा. तुमची आठवण झाली म्हणून राग आणखी वाढला.

मग मी अक्कल बाजूला ठेवली आणि साधी चपटी गोल तबकडी आणली. छताला चिकटून बसणारी, दोन्ही टोकांना बटण, लावली की लागणार आणि आई म्हणेल तेव्हाच विझणार. बसवायला आला तो तुमचाच जुना माणूस, मोर जोडणारा. आता त्याचा स्वतःचा मंडप आहे, केस पांढरे झालेत, तरी तुमच्या फोटोला नमस्कार करून मगच पक्कड काढली. स्टूल लागलंच नाही, तुमच्या हिशेबाप्रमाणं. दिवा लागला आणि तो बोळ मी जन्मात पहिल्यांदा नीट पाहिला. केवढा कुरूप आहे नाना! आणि तेवढ्यात तो बीमकडे बघून म्हणाला, "ताई, हे काय ठोकलंय? काढू का?"

बीमच्या कडेला, बरोबर मधोमध, मंडपातल्या लाल गादीचा एक तुकडा. आत कापूस, वरून चारी बाजूंनी बारीक चुका ठोकलेल्या. काळा पडलेला, जाळ्यांनी भरलेला, पण घट्ट.

आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्यांनी ठोकलाय."

मी म्हटलं, "अच्छा! म्हणजे तुला लागतं हे त्यांना माहीत होतं."

"माझ्यासाठी कुठलं," आई म्हणाली, अगदी सहज, भाजीत मीठ कमी आहे सांगावं तशी. "मला तर घर बांधल्यापासून लागत हुतं. तुला लागलं ना, त्या दिशी. जेवन झालं आन् ठोकत बसले. तू गेल्तीस शेजारी."

नाना, हे ऐकून मी विरघळले असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू देऊ नका. मी अशी संतापले की त्या माणसाची पक्कड खाली पडली. आईचं कपाळ काय दगडाचं होतं? इतकी वर्षं तिनं टेंगळं पदराखाली झाकली तेव्हा तुमच्याकडे कापूस नव्हता? हातोडी होती, माणसं होती, गवंडी गावातच होता. छत वर न्यायचं सोडून गादी ठोकलीत! आणि ठोकलीत तर सांगायचं तरी. मला वाक्य तेवढं ऐकवलंत आणि गादी मुकाट्यानं वर लावलीत. मी वाक्य ऐकलं, मान खाली घातली, आणि म्हणून गादी मला कधी दिसलीच नाही. आई मात्र हसत होती. "आगं, छत वर नेलं असतं तर सामान कुठं ठेवलं असतं?" अजून तुमचीच बाजू.

रविवारी दादा आला. बोळातून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, बटणं दाबून पाहिली, परत आला. त्याला बीम लागला नाही, गादी दिसली नाही. म्हणाला, "झाला की उजेड. ऱ्हाऊ दे आईला इथंच." आणि जेवायला बसला. आई ताटं घेऊन आली. मी तिला उजेडात येताना बघत होते आणि माझ्या लक्षात आलं की तिच्या डोक्यात आणि बीममध्ये चांगलं अंतर आहे. वयानं ती खाली आली आहे, नाना. आता ती बरोबर तुमच्याएवढी आहे. तुमचं छत तिला आता बसतं. तरी ती मान खाली घालूनच येते. मी म्हटलं, "आई, सरळ चाल, लागत नाही आता." ती थांबली, वर पाहिलं, हात उंचावून गादी चाचपली. "व्हय की," म्हणाली, दोन पावलं ताठ चालली, आणि तिसऱ्याला मान आपली आपण खाली गेली.

तर उजेड झाला, आई तिच्या घरात राहिली, आणि तुमच्यावरचा माझा राग आहे तिथंच आहे. हे वाचून तुम्ही हसला असतात, म्हणून हा कागद माझ्या पर्समध्येच राहणार आहे, नगरच्या दिव्यांच्या पावत्यांबरोबर. एकच गोष्ट सांगते, तीही तुम्ही ऐकणार नाही म्हणून. रविवारी निघताना आईचा डबा घेऊन घाईनं वळले, मुद्दाम मान ताठ ठेवून, भर उजेडात, आणि कपाळ बीमवर आपटलं.

लागलं नाही.