डावीकडचा दिवा

३ मार्च
सकाळी गॅरेज उघडलं. गाडी धुतली. चार्ज करून आणलेली बॅटरी बसवली. इंजिन दुसऱ्या झटक्यात सुरू झालं. इंडिकेटर लागत नाहीत. डावा नाही, उजवाही नाही. हझार्डचं बटण दाबलं की मात्र चारही दिवे झकास उघडझाप करतात.

गाडी हिची. आमच्या लग्नाआधीपासूनची. ही चालवायची, मी शेजारी बसायचो. ही गेल्यापासून उभीच आहे. मुलीचं म्हणणं, विकून टाका, गिऱ्हाईक तयार आहे. मी म्हटलं, चौदा तारखेच्या आरटीओच्या तपासणीत पास झाली तर गाडी राहणार. नापास झाली तर मी स्वतः त्या गृहस्थांना फोन करीन. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला घरातला बल्ब तरी बदलता येतो का?" हसण्यावारी नेलं.

तासाभराचं काम आहे. भावनेचा प्रश्न नाही. चांगली वस्तू वाया जाऊ नये, इतकंच.

४ मार्च
चारही बल्ब बदलले. इंडिकेटर नाहीत. हझार्ड लागतंय म्हणजे बल्ब ठीकच होते, हे बदलून झाल्यावर सुचलं. असो. आता नवे आहेत.

वायरिंगचा नकाशा घेऊन गाडीत बसलो. बराच अभ्यास झाल्यावर लक्षात आलं की स्टिअरिंग पलीकडे आहे. सवयीने शेजारच्या सीटवर बसलो होतो. उठलो नाही. नकाशा तिथूनही नीट दिसतो.

६ मार्च
नवा फ्लॅशर आणला. फ्लॅशर म्हणजे ती टिकटिक करणारी डबी. दुकानदार म्हणाला, इलेक्ट्रिशियनला पाठवू का? म्हटलं, शाळेत माझं विज्ञान चांगलं होतं. त्याने डबी कागदात गुंडाळली आणि वर म्हणाला, "मग येतच राहाल तुम्ही."

नवी डबीही गप्प. जुनीच बरी होती.

८ मार्च, दुपारी
सापडलं! इंडिकेटरचा करंट हझार्डच्या बटणातून फिरून येतो! बटण आतून काळं ठिक्कर पडलं होतं. खोललं, पॉलिश पेपरने घासलं, जोडलं, स्टिअरिंगजवळची इंडिकेटरची दांडी वर केली. टिकटिक! डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा डोळा मिचकावू लागला. गाडीत एकटाच टाळ्या वाजवत होतो.

मुलीला फोन केला आणि काही न बोलता तो डॅशबोर्डजवळ धरला. ती घाबरली. "बाबा, कसला आवाज हा? बरे आहात ना?" म्हटलं, इतका बरा कधीच नव्हतो. ती म्हणाली, "जेवलात का?" जेवायचं राहिलं होतं.

९ मार्च
आपल्या कामाची खात्री दुसऱ्याकडून करून घ्यावी. शेजारच्या ड्रिलमास्तरांना बोलावलं. शाळेत कवायत शिकवायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना हेच म्हणते. गाडीसमोर सावधान उभे राहिले. मी डावा लावला. ते गरजले, "उजवा!" मी उजवा लावला. "डावा! अहो, काय उलटंपालटं करून ठेवलंय?"

उतरून त्यांच्या शेजारी उभा राहिलो. खरंच, दिवा डाव्या हाताला लागत होता. डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंना मिळून एकच हिरवा दिवा, त्याच्यावरून काही कळत नाही. आणि ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना डावं-उजवं शिकवलं, त्याची चूक होईल कशी? दांडीमागच्या दोन वायरींची अदलाबदल केली. आता डावा म्हटलं की मास्तरांना डावाच दिसतो. त्यांनी सलाम ठोकला. मीही ठोकला.

वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं. भर तपासणीत शोभा झाली असती.

११ मार्च
रंगीत तालीम. लायसन्स आहे, फारसं वापरलेलं नाही. मास्तर शेजारी. रस्त्यावर येताच एक ट्रक अंगावर आल्यासारखा वाटला, म्हणून हझार्ड लावलं ते लावूनच ठेवलं. काय जादू! बस थांबली. रिक्षा बाजूला झाल्या. एका बाईंनी स्कूटर जवळ आणून विचारलं, "पेशंटला कुठे नेताय?" मास्तर म्हणाले, "कोथिंबीर आणायला." मी इतका हसलो की गाडी बंद पडली. मग मास्तर चौकात उतरले आणि त्यांनी कवायतीच्या आवाजात सगळी वाहतूक थांबवली.

हिने मला गाडी चालवताना फारसं पाहिलं नाही. बरंच झालं.

कोथिंबीर राहिली.

१४ मार्च
तपासणी. मुलगी आली होती. ब्रेक पास. हेडलाइट पास. हॉर्न पास. मुलीकडे बघून भुवई उडवली.

तपासनीस मागे जाऊन उभे राहिले. म्हणाले, डावा लावा. लावला. म्हणाले, "डावा म्हटलं मी." म्हटलं, डावाच आहे. "काका, उजवा लागतोय." मी खिडकीतून डोकं काढून अदबीने सांगितलं, आपण चुकीच्या बाजूला उभे आहात, पुढे येऊन बघा, बरोबर दिसेल. भला माणूस, खरंच पुढे आला. बघितलं. म्हणाला, "काका, डावा म्हणजे गाडीचा डावा. बघणाऱ्याचा नाही."

मागे रांगेत हशा पिकला. मुलगी भिंतीला टेकून हसत होती, मग खालीच बसली. ही गेल्यापासून तिला हसताना पाहिलं नव्हतं. मलाही आवरेना. नापास.

परत येताना ती डोळे पुसत म्हणाली, "बाबा, दोन वायरी तर बदलायच्यात. पुढच्या महिन्यात पुन्हा आणू. राहू दे आईची गाडी." मी म्हटलं, शब्द म्हणजे शब्द. घरी येऊन तिच्यासमोरच गिऱ्हाइकाला फोन केला. गाडी नापास झाली, हे आधी सांगितलं. ते ऐकून तो माघार घेणार, याची मला खात्री होती. कारण विचारलं, तेही सांगितलं. तो म्हणाला, "एवढंच ना? उद्या येतो."

१५ मार्च
सकाळी गाडी गेली. गृहस्थ सभ्य आहेत. वायरी घरी जाऊन बदलतो म्हणाले. कोपऱ्यावर वळताना त्यांनी इंडिकेटर लावला नाही, खिडकीतून हात बाहेर काढला.

मुलीला फोनवर कळवलं.  ती म्हणाली, "येऊ का?" म्हटलं, नको, बरीच कामं आहेत.

गॅरेजच्या फरशीवर तेलाचा डाग होता. साबणाचं पाणी करून घासला. पुसट झाला. बादलीत कपडे भिजत होते, ते पिळले आणि वाळत घातले.