दोन विद्यापीठे आणि आपला अपुरा वाद

प्रिय शालन,

हे पत्र तू वाचणार नाहीस, याविषयी माझ्या मनात शंका नाही. गेलेल्या माणसाला पत्र पोचते असे मी कधी मानले नाही, आणि तू गेलीस म्हणून आज मानू लागलो तर तो अप्रामाणिकपणा ठरेल. तरीही लिहितो आहे. आपल्यातला एक वाद अपुरा राहिला होता, आणि त्याचा निर्णय आज दुपारी कामशेतला तुझ्या स्वयंपाकघरात लागला. त्या वादातला एक पक्ष तू होतीस. तू नाहीस म्हणून तो ऐकण्याचा तुझा हक्क संपतो का? मला तसे वाटत नाही.

निकाल आधी सांगत नाही. क्रमाने सांगतो, तुला तेच आवडत असे.

तुझ्या लेकीने, मित्राने, बारावीनंतर भूशास्त्राच्या दुहेरी पदवीला प्रवेश घेतला, तेव्हा विरोध करणारा मी एकटाच होतो. पहिली दोन वर्षे पुण्यात, पुढची दोन स्कॉटलंडमध्ये, आणि शेवटी दोन्ही विद्यापीठांची स्वतंत्र पदवी. माझा आक्षेप अंतराला नव्हता. विद्यार्थी शिक्षकाच्या सहवासात घडतो. नेमकी समज येऊ लागते त्या तिसऱ्या वर्षी त्याला एका देशातून उचलून दुसऱ्या देशात नेऊन ठेवायचे, यात शिक्षणापेक्षा प्रवासाचा विचार अधिक दिसतो. पदव्या दोन मिळतील, पण शिक्षणाचे दोन अर्धे तुकडे जोडले की एक पूर्ण होतेच, हे कोणी सिद्ध केले आहे?

तू हातातले वर्तमानपत्र खाली ठेवलेस आणि म्हणालीस, "भाऊ, आधी माझी बाजू मांड. मग तुझी."

आबांचा नियम. वस्तीतले भांडण समाजमंदिरात आले की आपले वडील दोघांना समोरासमोर बसवत आणि प्रत्येकाला दुसऱ्याचे गाऱ्हाणे सांगायला लावत. समोरचा "व्हय, ह्येच म्हननं हाय माजं" असे म्हणेपर्यंत स्वतःचे एक अक्षर बोलायची परवानगी नसे. घरातही तीच रीत. पोळ्याला आपल्या दारात बैल नव्हता, म्हणून तू माझ्या शाईने शेळीची शिंगे रंगवली होतीस, आठवते? मी चिडून आबांकडे गेलो, तर शाईबद्दल बोलण्याआधी मला तुझी बाजू मांडावी लागली. सगळ्यांची जनावरे सजली होती, आपल्या शेळीला वाईट वाटले असते. हे मी मोठ्याने म्हटले आणि माझा राग अर्ध्यावर आला. पुढे आयुष्यभर मी तर्कशास्त्र शिकवले. तिथे या रीतीला पूर्वपक्ष म्हणतात.

तर त्या दिवशी मी तुझी बाजू मांडली. मुलीला जग दिसेल. आपल्या डोंगरांचा काळा दगड तिने पाहिला आहे, त्याच्याहून कितीतरी जुना दगड ती तिकडे पाहील. दोन तऱ्हेचे शिक्षक, दोन तऱ्हेच्या परीक्षा. मला वाटते मी नीट मांडले. तू ऐकून घेतलेस, पण होकार दिला नाहीस.

"एक राहिलं, भाऊ," तू म्हणालीस. "आत्ता नको. सांगेन."

मी वाट पाहिली. तिच्या दुसऱ्या वर्षी तुझे दुखणे निघाले. दवाखान्यात मी रोज तुझ्या उशाशी बसत होतो, पण ते विचारणे मला त्या जागी अयोग्य वाटले. तू ते न सांगताच गेलीस. शालन, तुझ्यावर माझा राग असेल तर एवढाच आहे. मुद्दा राखून ठेवायचा आणि वाद सोडून उठायचे, हे आबांना चालले असते का?

पुण्यानुमोदनाला, तुझ्या स्मरणासाठी सगळे जमले त्या दिवशी, तुझी नणंद सखूबाई पवनेकाठच्या गावाहून आली होती. त्रिशरण झाले, जेवणे झाली आणि तिने मला सर्वांसमोर धरले.

"भाऊ, तुमी शिकल्याली मानसं. मला येक सांगा, येका पोरीला दोन कालेजं कशापायी? येकात मावंना व्हय ती?"

लोक हसले. मित्राही हसली, तू गेल्यापासून पहिल्यांदाच. पण माणसे पांगल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. "मामा, मी तिकडे जात नाही. पुण्याचीच पदवी पूर्ण करते. तुमचंही तेच म्हणणं होतं ना?"

होते. मला समाधान वाटायला हवे होते. पण तिने माझा निष्कर्ष घेतला होता, माझी कारणे घेतली नव्हती. चुकीच्या वाटेने आलेले बरोबर उत्तर मी कोणत्याही उत्तरपत्रिकेत बरोबर धरलेले नाही. भाचीच्या बाबतीत कसे धरावे?

तिकडच्या विद्यापीठाला जाणार की नाही हे कळवण्याची मुदत आज संपत होती. म्हणून दुपारी मी कुसगावहून निघून कामशेतला आलो. मित्राने चहा टाकला. मी म्हणालो, "बस. तुझी बाजू मांडतो."

"मांडा."

"तुला हे घर सोडवत नाही."

"नाही. घर कुठे पळून जातंय?"

"मग मी म्हातारा, एकटा. माझी काळजी वाटते."

"तुमची काळजी करायला तुम्ही कुणाला परवानगी देता, मामा?"

"आईच्या आजारपणात अभ्यास मागे पडला. तिथे झेपणार नाही, अशी भीती आहे."

"चांगल्या गुणांनी पास झालेय मी. निकाल तुम्हीच दोनदा वाचलात. नीट विचार करा जरा."

माझ्याजवळची कारणे संपली. इतक्यात दारात तांदूळवाले रशीदभाई उभे. हातात इंद्रायणीची पिशवी. पैशांचा विषय काढला तर म्हणाले, "सिस्टरांच्या घरी द्यायचं असतं, घ्यायचं नसतं. आमच्या इरफानला पहिली लस त्यांनीच टोचली. आता मिशा आल्या त्याला, तरी दवाखान्यावरून जाताना दंड धरून चालतो." ते गेले. मित्रा पिशवी तशीच हातात धरून उभी राहिली.

"हे, मामा," ती म्हणाली. "हे तिकडे नसेल."

"इंद्रायणी?"

"तांदूळ नाही हो. आई. तिकडे एकालाही आई माहीत नसेल. इथे मी भाजी आणायला गेले तरी कुणी ना कुणी तिचं काहीतरी सांगतं. अजूनही मला नवं काही कळतं तिच्याबद्दल. तिकडे मी नुसती मित्रा. कुणी विचारणार नाही, मी सांगणार नाही. दोन वर्षांनी परत येईन तेव्हा इथलेही बोलायचे थांबले असतील."

शालन, माझ्या तिन्ही कारणांत हे नव्हते. त्याच्या आसपासही मी पोचलो नव्हतो. मी तिचे म्हणणे माझ्या शब्दांत पुन्हा मांडले, एक जागा तिने दुरुस्त केली, आणि मग ती हो म्हणाली. चहा उतू गेला होता. तो दोघांनीही तसाच राहू दिला.

मग तिने विचारले, "आई काय म्हणाली असती?"

तुझी शेवटची इच्छा ती जावी अशी होती, एवढे एक वाक्य मी बोललो असतो तर प्रश्न तिथेच मिटला असता. त्या वाक्याला कोणाकडे उत्तर नसते, आणि माझ्या मते म्हणूनच ते उच्चारू नये. जो माणूस उठून हरकत घेऊ शकत नाही, त्याच्या तोंडी शब्द घालणे मी मानत नाही. मी म्हणालो, "मला माहीत नाही. तिने एक मुद्दा सांगायचा ठेवला होता. तो तिच्याबरोबर गेला. मी तो रचून सांगणार नाही."

तिला हे कठोर वाटले असावे. पण तिने मान हलवली. "मग तुमची बाजू सांगा."

मी म्हणालो, "माझा जुना आक्षेप कायम आहे. दोन विद्यापीठांचे मिळून एक शिक्षण होते की नाही, ते तुझ्याकडे पाहूनच ठरेल. पण तुझ्या कारणात दोन कामे एकत्र बांधलेली आहेत. एक, तुझ्या आईचे नाव इथे बोलते ठेवण्याचे. दुसरे, तुझ्या शिकण्याचे. पहिले काम दुसऱ्यावर सोपवता येते. दुसरे येत नाही. पहिले मी घेतो."

"तुम्ही? कुसगावात बसून?"

"नाही. इथे राहायला येतो."

"आणि बाजारात लोकांशी बोलणार? मामा, तुम्ही शेजाऱ्याला नमस्कारसुद्धा हात आखडून करता."

"शिकेन."

ती हसली नाही. माझ्याकडे पाहत राहिली, जणू मी मांडलेल्या युक्तिवादात कुठे फट आहे का ते तपासत होती. मग लॅपटॉप उघडून ओट्यावरच ठेवला आणि उभ्या-उभ्या तिकडे कळवले की ती येते आहे. "पाठवलं," असे म्हणून ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. मी गेलो नाही. काही ठिकाणी दुसऱ्याची बाजू मांडायची नसते, एवढे मलाही समजते.

तू राखून ठेवलेला मुद्दा हाच होता का? लेक जाईल तेव्हा मागे कोणीतरी राहायला हवे, असे तुला सुचवायचे होते का? तसे म्हणणे मला सोयीचे आहे, आणि नेमके म्हणूनच मी ते म्हणणार नाही. तुझ्या बाजूची ती एक जागा मी मोकळीच ठेवतो.

सप्टेंबरात ती निघेल. त्याआधी मी सामान हलवेन. तुला मी वचने फारशी कधी दिली नाहीत, कारण न पाळलेले वचन मला असत्यापेक्षा वाईट वाटते. आज देतो. इथे मला कोणी सर म्हटले, तर मी शालनसिस्टरांचा भाऊ आहे असे सांगेन आणि तुझ्याबद्दल समोरचा जे बोलेल ते उभा राहून ऐकेन. जे ऐकेन ते मित्राला फोनवर जसेच्या तसे सांगेन, पदरचे काही घालणार नाही. आणि परत कधी येतेस, येणार आहेस की नाही, हा प्रश्न मी तिला कधीही विचारणार नाही, कितीही विचारावासा वाटला तरी.

तुझा,
भाऊ