रक्तसालीचं बी

१७ ऑक्टोबर २०१५
तो झाडांचा दलाल गुओ परत आला. मोटारसायकल खाली पुलापाशी टाकून धापा टाकत वर चढला आणि पाणीसुद्धा न पिता थेट घरामागे. रक्तसालीच्या झाडाभोवती दोनदा फिरला. सुटलेल्या सालीचा एक पापुद्रा ओढून उन्हात धरला. लाल काचेसारखा दिसतो. शहरातल्या बागांना म्हणे असलीच झाडं लागतात — पानं झडली तरी लोक खोड बघत बसतात. बसोत! मला त्याचं काय कौतुक? बारा महिने अंगावरचे कपडे फाटलेल्या भिकाऱ्यासारखं उभं असतं. पण गुओ जे देतोय त्यात युन्शिआच्या इमारतीत दोन खोल्या येतात. लेकीजवळ राहायचं. नळाला पाणी. चढ नाही, डुकरं नाहीत. मी लगेच हो म्हटलं. माझा नवरा लाओ पान नेहमीसारखा आईच्या तोंडाकडे बघायला लागला.

म्हातारी कणसं सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "घरामागचं झाड म्हणजे घराची पाठ. न्यायचं तर आधी त्याच्या बियाचं पोर उभं करा. मग न्या."

गुओ हसला. म्हणाला, थांबतो, झाड काही पळून जात नाही.

ठीक आहे. बीच ना? मी आजवर पेरलं आणि उगवलं नाही असं झालेलं नाही.

१९ ऑक्टोबर
टोपलीभर बी झोडपून काढलं. दोन पंखांचं, लव असलेलं, हाताला खरखरीत. जुनी मडकी, फुटका टब, सगळ्यांत पेरलं. म्हातारी दारातून बघत होती. तोंडात दात नाहीत पण हसायचं कसं ते बरोबर येतं.

६ मार्च २०१६
काही नाही.

२ एप्रिल
काही नाही. मुळा पेरला की चौथ्या दिवशी तोंड दाखवतो. हे काय लागून गेलंय? बोट घालून उकरलं. जसं टाकलं तसंच आहे. परत पुरलं.

५ एप्रिल
परत उकरलं.

११ मे
शेवटी गुओला फोन लावला. तो म्हणाला, वहिनी, हे बी दोन हिवाळे झोपतं, कधी तीन. हे आधी सांगायला काय झालं होतं? वर म्हणाला, उरलेल्यातलं एक कापून बघा. आजूबाजूला असलंच दुसरं झाड नसेल तर बहुतेक पोकळच निघेल.

छाटणीची कात्री घेऊन ओट्यावर बसले. कवच कसलं टणक! पहिलं कापलं — आत हवा. दुसरं — हवा. टोपली संपत आली, मांडीवर नुसता टरफलांचा ढीग. एकातही दाणा नाही. अख्खा हिवाळा मी हवेला पाणी घातलं.

म्हातारी काठी टेकत आली, ढिगाकडे बघितलं. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, याच्याखाली कधी रोप आलं नाही. माझ्या माहेरी पाणचक्कीपाशी आहे एक असलंच झाड, तेही तसंच, एकटं.

मी म्हटलं, "मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत, आत्याबाई?"

"तू विचारलंस कधी? तुला फक्त झाड कधी जातं तेवढंच विचारायचं असतं."

रात्री जेवले नाही. लाओ पानने भात झाकून ठेवला. त्याला तेवढंच जमतं.

१३ मे
एकटं आहे म्हणून पोकळ. म्हणजे झाडात खोट नाही. नासपतीचंही असंच असतं. मी इतकी वर्षं खालच्या खोऱ्यात बागांमध्ये रोजाने काय करते? एका झाडाची पिवळी पूड दुसऱ्याच्या फुलांना पिसाने लावते. मधमाश्या उरल्या नाहीत, आम्ही बायकाच मधमाश्या. जे नासपतीला चालतं ते याला का नाही चालणार? पण फुलं येऊन गेली. आता एक वर्ष थांबा! या झाडाशी कुठलंही बोलणं काढा, उत्तर एकच — थांबा.

८ एप्रिल २०१७
म्हातारीच्या माहेरी जाऊन आले. नदी उतरून पलीकडे तेवढाच चढ. तिने भाच्यासाठी आंबवलेल्या मोहरीच्या पाल्याची बरणी दिली, जड, आणि बजावलं की पाणचक्कीवरून जाताना झाडाला माझं नाव सांग. मी झाडांशी बोलत नाही. बरणी दिली, भाच्याने फांद्या तोडून दिल्या. तिथे ऊन जास्त, फुलं आमच्या आधी येतात, म्हणून बरं. नाव सांगितलं. वाटेतच उभं होतं, काय करणार.

९ एप्रिल
मिटलेल्या फुलांतले तुरे चोळून काढले, चुलीवरच्या फळीवर कागदावर पसरले. सकाळपर्यंत फुटले. चिमूटभर पिवळी पूड. औषधाच्या बाटलीत भरली.

१२ एप्रिल
आमचं फुललं. बांबूला कोंबडीचं पीस बांधून वर चढले. लाओ पानने शिडी धरली आणि सारखा घाबरत होता — मी पडेन म्हणून की शिडी मोडेल म्हणून, कोण जाणे. फुलं बारीक, हिरवट, मान खाली घालून लटकतात. एकेकाची हनुवटी उचलून पीस लावावं लागतं. नासपतीत मी दिवसाला कितीतरी झाडं उरकते. इथे एका फांदीला दुपार गेली. मांड्या भरून आल्या, गालाला साल घासत होती. ऊन पडलं की तापते ती, पातळ असून. मागून उजेड आला की सगळं झाड आतून पेटल्यासारखं दिसतं. हे खालून दिसत नाही. लाओ पानने तीनदा हाक मारली, मग उतरले. बाटलीतली पूड कधीच संपली होती.

३ ऑक्टोबर
बी कापलं. पोकळ. पोकळ. पोकळ. मग एक कात्रीला वेगळं लागलं. आत हिरवं, घडी घालून ठेवलेलं, ओलं.

बराच वेळ तसंच धरून बसले. मग डोक्यात आलं — कापलं म्हणजे हे मेलं. भरलंय का बघायचं तर मारावं लागतं. कात्री ठेवून दिली. उरलेलं न बघता पेरलं. मी, न बघता!

११ फेब्रुवारी २०१८
नव्या वर्षाच्या सणासाठी आज युन्शिआकडे निघालो. म्हातारी हटून बसली. म्हणाली, चौदाव्या मजल्यावर माणसं राहत नाहीत, कबुतरं राहतात. शेवटी लाओ पान तिला पाठीवर घेऊन पुलापर्यंत उतरला.

२१ फेब्रुवारी
परत आले, एकटीच. ठरलं होतं पौर्णिमेच्या, कंदिलांच्या सणापर्यंत राहायचं; लाओ पान तेव्हा येईल. पण मडक्यांना उंदीर लागतात.

युन्शिआचं घर चांगलंय. जमिनीतून ऊब येते. कपडे यंत्र धुतं, भांडी ती घासू देत नाही. आई, बस ना जरा, आई, बस. बसले. खिडकीतून समोरच्या खिडक्या दिसतात. बसून बसून कंबर धरली, जी डोंगरावर कधी धरली नाही. आणि म्हातारी! तिसऱ्या दिवशी लिफ्टची बटणं पाठ. खालच्या बायकांशी पत्ते काय, गरम पाण्यात पाय सोडून टीव्ही काय. निघताना म्हटलं, चला. म्हणाली, माझे गुडघे इथे बोलत नाहीत सूनबाई, तू हो पुढे.

उंदरांनी एक मडकं उकरलंय. बाकीची ठीक.

२० एप्रिल
काही नाही. बोट घातलेलं नाही. हात पाठीमागे बांधून मडक्यांपुढून चालते. शेजारीण विचारत होती, पोलीस झालीस का?

४ नोव्हेंबर
म्हातारीचा व्हिडिओ आला. गाल वर आलेत. म्हणाली, "विका ते झाड. पोर-बीर राहू दे. इथे एक खोली कमी पडतेय."

लाओ पान उड्याच मारायला लागला. गुओला फोन लावायला निघाला, तेव्हा मी म्हटलं की आधी बी उगवेल, मग झाड हलेल.

"अगं, अट तिची. तिनेच सोडली ना?"

"मी नाही सोडली."

"तुलाच तर जायचं होतं. तीन वर्षं कान खाल्लेस माझे."

"जायचंच आहे. उगवू दे आधी."

त्याने मग फोन खिशात टाकला. त्याला कोणीतरी नाही म्हणणारं लागतं. आजवर आई होती.

५ नोव्हेंबर
पानं लाल झालीयेत. झाडून घेतली, मडक्यांवर पसरली. थंडीला बरं.

९ मार्च २०१९
लाओ पानने गुओला परस्पर बोलावलंय. दोन हिवाळे झाले, आता उगवणारच म्हणतो. गुओ माणसं, दोर, गोणपाट घेऊन येणार. कळ्या फुटायच्या आधी मुळं काढावी लागतात म्हणे. मला विचारलं नाही. सबंध दिवस एक काम धड झालं नाही. डुकरांना दोनदा खायला घातलं.

१६ मार्च
गुओ उद्या येतोय.

सकाळी कडेच्या मडक्यात एक वर आलं. दोन जाडसर पानं, एकाच्या टोकाला कवच अजून अडकलेलं. मडकं उचलून खुराड्यामागे नेलं, वर टोपली पालथी घातली.

जेवताना लाओ पानने विचारलं, "काही?"

"काही नाही," म्हटलं, आणि त्याला आणखी भात वाढला.