अडकलेली चेन

मंगळवार, संध्याकाळ

...आणि काल लग्नाच्या तयारीत वर ओढताना माझ्या सूटची चेन पुन्हा पाठीच्या मध्यावरच अडकली. वहिनी मागून ओढत होती, मी श्वास रोखून उभी. तेवढ्यात दादा पेढ्यांचा डबा घेऊन दारात. परदेशी चेनवर सरकारने कर वाढवला, म्हणून पेढे. त्याचा रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत चेनचा कारखाना. वहिनी बाजारात कमानिया गेटजवळ बायकांकडून सलवार सूट शिवून घेते. नवरा-बायको, आणि भांडण हे.

"अब देखना," दादा म्हणाला, "सगळे माझ्याकडे येतील."

"ही तुमचीच चेन आहे. कर वाढला म्हणून वर जाणार आहे का?" वहिनी म्हणाली.

"सुधारायला वेळ तर दे! बाहेरच्या स्वस्त मालापायी अर्ध्या मशिनी बंद आहेत. कामगार बसून आहेत माझे."

"अन् माझ्या बायकांनी काहून भोगायचं? तुमच्या चेनचे सूट गिऱ्हाईक परत करून राहिले."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉलेजात शिकवते, म्हणजे मी निवाडा करावा. काय करू? दोघंही खरं बोलतात, याचाच संताप येतो. दादाला वेळ हवा हे कळतं. पण त्या वेळेची किंमत वहिनीच्या शिलाईतून का? आणि मी पेढा का खाल्ला?

चेन तिथेच. शेवटी पाठीवरून ओढणी घेऊन लग्नाला गेले.

आज सकाळी वहिनीने ती चेन उसवली. बायकांना फोन करून सांगितलं, आजपासून सगळ्या सूटांना बटणं लावा.