कॅज्युअल्टीचा फोन

आबा, आज तुम्ही नोकरी केलीत त्या हॉस्पिटलातला, तुम्हीच बसवलेला जुना स्विच उघडला आणि तेव्हापासून मला तुमचा इतका राग आलाय की धुळ्याहून परत येताना बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, "ताई, काही झालं का?" झालं होतं. पण तुम्हाला जाऊन इतकी वर्षं लोटली, आता भांडायचं कुणाशी? म्हणून लिहितेय.

नवा स्विच बसवायचा होता. सगळ्या फोनच्या आणि कॉम्प्युटरच्या वायरी ज्या डब्यात येतात, त्याच्या आत शिरायला त्याचा स्वतःचा पत्ता लागतो, चार आकड्यांचा. तो तुम्ही हॉस्पिटलात कुणालाच सांगितला नव्हता. "पत्ता दिला की आपली गरज संपली," म्हणायचात. माझ्याकडून मात्र पाढ्यासारखा पाठ करून घेतलात. त्यामुळे बोलावणं मलाच आलं. मॅनेजर म्हणाले, "तुमच्या आबांनी लावलंय, तसंच नव्यात उतरवा. देवमाणूस होता." मी आकडे टाकले.

वायरींवर गर्दी झाली की कुणाचं आधी जाऊ द्यायचं हे स्विचला सांगून ठेवावं लागतं, ते तुम्ही मला स्वयंपाकघरात शिकवलंत. आई गॅसपाशी कळण्याच्या भाकरी थापतेय आणि तुम्ही ताटात शेंगदाणे मांडताय. पहिला शेंगदाणा हॉस्पिटलच्या अध्यक्षांच्या केबिनचा. तिथल्या टीव्हीवर सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं दिसायची, ती अडकली की ते तुम्हाला चारचौघांत झापायचे. मी विचारलं, "आणि कॅज्युअल्टीचा फोन?" "तो बाकीच्यांत. आवाज तुटला तर ते परत लावतात. साहेब परत लावत नाहीत, माणूस बदलतात. पंगतीत पाव्हणे आधी बसतात की नाही, तसं." आई भाकरी उलटत म्हणाली, "आनि भुक्यासनी पंगत कव्हय?" भुकेल्यांची पंगत कधी, या तिच्या प्रश्नावर तुम्ही हसलात. मीही हसले. तेव्हा तुम्ही मला फार हुशार वाटायचात.

मग ती दुपार. आईचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, आपण तिला तिथेच नेलं. सिस्टर मेंदूच्या डॉक्टरांना घरी फोन लावतायत. "सर, पेशंटला... हॅलो... सर, ऐकू येतंय का?" पुन्हा लावतात, पुन्हा तुटतो. डॉक्टरांना वाटलं, नेहमीचंच काहीतरी असेल. ते निवांत जेवून आले. तुम्ही सिस्टरच्या टेबलाला टेकून उभे होतात. आवाज का तुटतोय हे तिथे आपल्या दोघांनाच कळत होतं. मी ओरडले, "आबा, जा ना, बदला ते!" तुम्ही खालच्या आवाजात म्हणालात, "इथे तमाशा नको."

तमाशा! आईचा उजवा हात त्यानंतर उठला नाही. भाकरी थापणारा हात होता तो. डॉक्टर वेळेवर आले असते तरी हेच झालं असतं, असं तुम्ही पाव्हण्यारावळ्यांना सांगत राहिलात. असेलही. पण मग तेव्हा माझ्याकडे एकदा नजर वर करून का नाही पाहिलंत?

तरी मी तुम्हाला माफ करत आले. वाटायचं, तोंडाने कबूल करणार नाहीत, पण दुसऱ्या दिवशी गुपचूप आत जाऊन ती लाइन वर घेतली असेल. आज पाहिलं तर कॅज्युअल्टी तळालाच. आणि सगळ्यात वर साहेबांच्या दोन केबिनी, जुनी आणि नवी. नवी केबिन आईच्या आजारपणानंतर बांधली, आबा. म्हणजे तुम्ही त्यानंतर आत गेला होतात. साहेबांची नवी लाइन वर चढवलीत, कॅज्युअल्टीच्या लाइनीवरून नजर फिरली असणारच, आणि ती तशीच ठेवून बाहेर आलात. घरी येऊन आईच्या हातचं... नाही, तेव्हा माझ्या हातचं जेवलात. एका लाइनीचा तर बदल होता. कुणाला कळलंही नसतं!

मी केला तो बदल. कॅज्युअल्टी सगळ्यात वर, केबिनी तळाला. मॅनेजर म्हणाले, "साहेबांची चित्रं अडकली तर?" मी म्हटलं, "अडकू द्या." नव्या स्विचचा पत्ता कागदावर लिहून त्यांच्या हातात ठेवला. तुम्ही वरून बघत असाल तर बघा.

घरी आले तर आई जेवायची थांबलेली. सगळं सांगायचंच, असं बसमध्ये ठरवलं होतं. तिनेच डाव्या हाताने घास मोडत विचारलं, "मंग त्यासनी ती लाइन सुधारी व्हती ना?" इतकी वर्षं तिला ठाऊक होतं, आबा. तिने तुम्हाला कधी विचारलं नाही.

"हो," मी म्हटलं. "दुसऱ्याच दिवशी."

"माले माहीत व्हतं," ती म्हणाली आणि जेवू लागली.

हा कागद तुमच्या फोटोमागेही ठेवता येणार नाही, फोटो ती रोज उतरवून पुसते. फाडूनच टाकेन. राग गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही. फक्त ते खोटं बोलताना क्षणभर मला ते खरंच वाटलं, आणि बरं वाटलं.