मेजरची खाज

सर्वण, डिचोली
कोजागिरी नंतरचा गुरुवार

तीर्थरूप बाबुराव भावोजींच्या पायांशी सर्वणच्या कृष्णनाथाचा दंडवत. पद्मावतीआक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुमच्या म्हशीचा पाय एव्हाना बरा झाला असेल अशी आशा. आम्ही सगळी खुशाल आहोत असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर या घरात आज खुशाल असा एकटा कुत्राच आहे.

तुमचं कार्ड पोचलं. (उघडं कार्ड, भावोजी! माझ्या हाती पडायच्या आधी अर्ध्या वाड्याने ते वाचलं होतं. पाकिटाला काय सोनं लागतं?) त्यात तुम्ही लिहिता की खरजुलं कुत्रं दारात बसवून मुलीचं लग्न जमत नसतं, तुळशीच्या लग्नानंतर पेडण्याची माणसं मालतीला पाहायला येणार, तेव्हा त्याच्या आधी मेजरला खाणीवरच्या ट्रकवाल्यांना देऊन मोकळा हो. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मेजर या घरात आणला कोणी? तुम्ही! मांद्र्याहून पावसाळ्याच्या बेगमीचे सुके बांगडे पाठवलेत, त्याच टोपलीत कोपऱ्याला हे पिल्लू बसवून दिलंत आणि वर म्हणालात, "जातिवंत आसा, सांबाळ." आता जातिवंत खाजवायला लागला तर ट्रकवाल्यांना द्या? उद्या मला खाज सुटली तर मलाही खाणीवर पाठवाल. हा निरोप तुमच्यापर्यंत आमच्या घरच्या लक्ष्मीने, जानकीनेच धाडला हे मी ओळखून आहे. वैशाखापासून तिचं एकच पालुपद, तुळशीच्या लग्नापर्यंत एक तर खाज जाऊं दे, नाहीतर कुत्रा जाऊं दे.

आता खाज म्हणजे काय ते तुम्हाला लांबून कळायचं नाही. मेजरचा मागचा पाय एकदा सुरू झाला की शेजारच्यांना वाटतं आम्ही शिवणयंत्र घेतलं. कान लाल, काखेत केस नाही, पंजे चाटून चाटून कुंकवात बुडवल्यासारखे. आणि माणूस आला की हटकून त्याच्यासमोर बसून खाजवणार, जशी काही आमची चुगलीच सांगतोय. गावात औषध न जाणणारा माणूस कोणी नाही हेही मला तेव्हाच कळलं. आमचा शेजारी शांताराम, ज्याचा स्वतःचा ट्रक आहे (आणि डोक्यावर स्वतःचा असा एकही केस नाही), तो म्हणाला गाडीचं जळकं तेल चोळा. मी विचारलं, कुत्र्याला? म्हणाला, "यंत्राक चलता, कुत्र्याक कित्याक ना?" चोळलं. मेजर तसाच पळत घरात शिरला आणि नव्या चुन्याच्या भिंतीला अंग घासून मोकळा झाला. ते काळं कुत्रं अजून आमच्या भिंतीवर आहे. खाज होती तेवढीच, वर कातडी सोलवटली. मग पार्वतीमावशीने करंजेल आणि गंधक आणून दिलं. त्या वासाने पंधरा दिवस आमच्याकडे कोणी चहाला आलं नाही. एवढी एकच गोष्ट मी करंजेलाच्या बाजूने सांगू शकतो.

मग कोणी म्हणालं समुद्राचं पाणी. म्हणून मी या जनावराला बसमध्ये घालून केरीला नेलं. (कंडक्टर म्हणाला, "हो खाजयता, हाका मुखार बसय नाका." म्हणून आम्ही दोघं मागे, आणि आमच्या आजूबाजूच्या चार बाकांवर देवाशिवाय कोणी नाही.) समुद्र दिसताच मेजर माझ्या हातून सुटला. पाण्याकडे गेला असेल म्हणाल, तर नाही. वाळूत कोणा बाईने सुकत घातलेले बांगडे होते, त्यांवर जाऊन बसला. बाईने माझ्या सात पिढ्या काढल्या, मी मान खाली घालून ऐकल्या. परतताना अंघोळ झाली होती माझी, आणि पोट भरलं होतं त्याचं. आणि दुसऱ्या दिवसापासून खाज दुप्पट. सगळे म्हणाले, खारं पाणी झोंबलं.

शेवटी श्रावण लागता लागता मी गावच्या राखणदार देवाच्या पायाशी गाऱ्हाणं घातलं, मेजर बरा होऊं दे, नारळ देतो. आणि भावोजी, काय सांगू, श्रावण अर्धा होईतो खाज उतरली! चवथीला मेजरच्या पोटावर मखमल उगवली होती. मी नारळ फोडला. लगेच शांताराम सांगत सुटला की गुण जळक्या तेलाचा, ते सावकाश लागू पडतं. पार्वतीमावशी म्हणाली करंजेल नसतं तर देव तरी काय करणार होता! दोघांचं त्यावरून बोलणं बंद झालं. मी मध्ये पडून म्हणालो की गुण सगळ्यांचा मिळून, तर दोघांनी माझ्याशीही बोलणं बंद केलं. तसाच गणपती पोचवला, आणि आठवड्याभरात मेजर पुन्हा शिवणयंत्र. आता मात्र एकही धनी पुढे येईना. तेल तुझ्या हाताला आलं नाही म्हणे. जानकी तर म्हणाली नारळच कुजका असणार.

तेव्हा रागारागाने मी त्याला डिचोलीच्या गुरांच्या डॉक्टरिणीकडे नेलं. तरुण बाई. तिने कान पाहिले, केस विंचरून पिसवा शोधल्या, खपली काढून काचेवर धरली, आणि मला विचारते, खातो काय? म्हटलं, बाई, मी कातडं घेऊन आलो आहे, पोट नव्हे. तरी सांगा म्हणाली. सांगितलं, आम्ही खातो तेच. शीत, माशांचं हुमण, बांगड्याची डोकी, पावसाळ्यात सुकं. ती म्हणाली, "मासे बंद करा. दोन महिने वासालासुद्धा नको." मी विचारलं, "बाई, तुम्ही घाटावरच्या काय?" म्हणाली काणकोणची. आपल्याच माणसाने असा घाव घालावा! मी म्हटलं, माशांनी खाज सुटली असती तर अख्ख्या गोव्याने भिंतींना पाठी घासल्या असत्या. ती म्हणाली, सगळ्यांना नाही होत, एखाद्याच्याच अंगाला एखादं खाणं सोसत नाही, माणसात असतं तसं कुत्र्यातही. मग मी माझा हुकमी पत्ता काढला. म्हटलं, मग श्रावणात हा बरा कसा झाला ते सांगा! ती शांतपणे म्हणाली, "श्रावणात तुमच्या घरात नुस्तें रांधतात?"

भावोजी, मी तिथेच बोटांवर महिने मोजले. श्रावण पाळून मासे सोडले आम्ही, गुण आला कुत्र्याला, आणि श्रेय वाटून घेतलं गावाने.

त्या दिवसापासून मेजरला भात, दुधी आणि अंडं. जानकी म्हणाली कुत्र्याला संन्यास दिला. पण खाज काही हलेना. मी डॉक्टरिणीला शिव्या घालायच्या बेतात होतो, एवढ्यात अंगणातल्या माडाच्या बुडाशी माशांचे काटे दिसले. संशय शांतारामवर. कुंपणाशी जाऊन चार माणसांत त्याला बोललो की तू काटे इकडे टाकतोस. तो उसळला, "आमगेर कांटे उरतात खंय? आमी कांटेय खातांव!" आणि खोटं नाही, मी त्याला जेवताना पाहिलं आहे. तर महिन्यापूर्वीची, एका दुपारची गोष्ट, मागच्या दाराने आलो तर काय पाहावं? जिने मेजरला हाकलायचा घोशा लावला, जिने तुम्हाला निरोप धाडला, ती जानकी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून आपल्या पानातली तुकडी सोलत होती, काटा न काटा वेचून, आणि म्हणत होती, "खा रे म्हज्या पुता. त्या बाईक कितें कळटा?"

मी ओरडलो. ती माझ्यावर चौपट ओरडली. म्हणाली, "तो पानासमोर बसून बघतो. माझ्या घशाखाली घास उतरत नाही. तुम्ही भिंतीकडे तोंड करून जेवता, तुम्हाला काय! चुलीवर शिजलं की मी देणारच. बंद करायचं तर चुलीवरच करा!" मी म्हटलं, "करतो!" आणि रागाच्या भरात तुळशीपुढे उभा राहून बोलून गेलो की मेजर बरा राहायचा तर या घरात नुस्तें शिजणार नाही. फिरंगी राज्यातही जी चूल कधी चुकली नाही ती माझ्या एका वाक्याने शिवराक झाली. महिना झाला, भोपळा, अळसांदे, दुधी, पुन्हा भोपळा. बाहेर मासळीवाली हाक मारते तेव्हा आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाही. मेजर मात्र असा चकचकतो की पेडण्याच्या माणसांनी आधी त्याला पसंत करावं.

तेव्हा ट्रकवाल्यांची गोष्ट पुन्हा काढू नका. मेजर या घरातून जाणार नाही. आता जानकीलाच विचारा, तीही तेच सांगेल. पेडण्याची माणसं आली तर त्यांना भोपळा वाढू, आणि मासे वाढत नाही म्हणून जे घर स्थळ मोडेल ते घर माझ्या मालतीला नको. आक्काने तब्येतीला जपावं. लोभ आहेच, राग उतरला की तोही कळवीन.

आपला,
कृष्णनाथ

ता. क. यंदा बेगमीचे सुके बांगडे पाठवू नका. टोपली दारात आली तरी या घरात महाभारत होईल.

ता. क. दुसरा. शपथ या घरातल्या चुलीची घेतली आहे, मांद्र्याच्या चुलीची नव्हे. रविवारी सकाळच्या बसने मी तुमच्याकडे येतो. भाऊबिजेपर्यंत थांबलो असतो, पण त्या दिवशी तुमच्याकडे शिवराक. आक्काला सांगा, मासळीचं मोठं काही नको, सुंगटांचं हुमण आणि तळलेला इसवण पुरे. जानकीला सांगून येतोय की म्हशीचा पाय पाहायला जातो. तुम्ही मागेपुढे कधी तिच्याशी बोललात तर पाय अजून दुखतो असंच म्हणा.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात जानकी म्हणाली, भावोजींना लिहिताय तर लिहा की बुधवारी मी जाऊन येते, वन्संच्या गुडघ्याची विचारपूस करते. आक्काच्या गुडघ्यांना काही झाल्याचं माझ्या कानावर नाही, पण मी विचारलं नाही, आणि तुम्हीही विचारू नका. मी रविवारी येऊन गेलो हे तिला कळू देऊ नका. आणि भावोजी, तिला पोटाजवळची जाड तुकडी वाढा. ती नको म्हणेल, शेपटाकडची मागेल. चोवीस वर्षं झाली, तिला शेपटाकडचीच आवडते असं मी समजून चाललो आहे.