मधला डाग

प्रिय आप्पा,

परवा माझं अर्धं बोलणं राहिलं आन् तुमी फोन आपटला, म्हणून आता लिहूनच भांडतो. आपली धाकटी सृष्टी वाचून दाखवंल, तिला मधी थांबवायचं न्हाई. आवं, सूर्यावर डाग वाढले की जगाचा बाजार तापतो आन् डाग गेले की मंदी येती, हे तुमचं ऐकून मी सहावीत सगळ्या वर्गाला सांगितलं आन् हसं करून घेतलं. परवा फोनवर म्हणलो तेच अजून म्हणतो, डागांचा आन् बाजाराचा काई संबंध न्हाई. लोक सोनं मोडत्यात ते लग्नापायी न्हाईतर दवाखान्यापायी. सूर्याच्या घरी कुणाचं लगीन हाय?

तरी खरं सांगायचं तर दोन वर्षं डाग बी लय आन् इथं कोइमतूरला गलाईचं, जुनं सोनं गाळायचं काम बी लय. भाव एवढा चढलाय की म्हाताऱ्या पेटीतली कर्णफुलं घेऊन येत्यात. काल एका बाईनं बांगडी गाळायला दिली, मग परत मागून एकदा हातात घालून बघितली. मी भट्टी पेटवली न्हाई. गिऱ्हाईक डोळं पुसंस्तवर थांबायचं, हे तुमचंच.

तीस वर्षं तुमी ह्याच भट्टीम्होरं बसला. सुट्टीला विट्याला आला की मानसिंगकाकाची मिल्ट्रीतली दुर्बीण दाराला बांधायचा, कागदावर सूर्याचा गोल पडायचा, आन् तुमी पेन्सिलीनं डाग काढायचा. ढग हटला की घाईनं नुसत्या डोळ्यानं बी बघायचा. म्हणायचा, सूर्य सोताभवती फिरतो गड्या, म्हणून डाग रोज सरकतो आन् काठावरनं पलीकडं जातो. मी इकडं यायला निघताना मला म्हणाला, डाग सरले की काम थंडावंल, तवा घरी ये. तवापासनं दर फोनला मी इचारतो, येऊ का, आन् तुमी म्हणता, एक मोठा हाय अजून, थांब.

तुमी अजून डाग काढता त्या कागदांचं फोटो सृष्टीनं पाठवलं. बाकीचं डाग सरकल्यात, गेल्यात. मधला मोठा दिवाळीपासनं हलला न्हाई. ती म्हणती, तुमी भाकरीवरचं जळकं नखानं खरवडता, आन् तिथं जळकं काई नसतंय. आप्पा, त्यो डाग सूर्यावर न्हाई, तुमच्या डोळ्यात हाय. भट्टीनं पडला का सूर्यानं, ते डॉक्टर सांगंल. मंदी कवा यायची तवा येऊ दे, मी पाडव्याला घरी येतोय. तोवर थांबू नका, सोमवारीच सृष्टीला घेऊन सांगलीला डोळं दाखवा. तिच्या फोनवर आठ हजार पाठवल्यात.

तुमचाच भांडखोर,
जयराज